कृष्णाकाठचा बैल गेला, माणदेशचा राहिला



आज रानातलं काही नाही. खताचं, पाण्याचं पुढच्या वेळी. आज जनावरांचा इतिहास लिहितो. जरा लांबेल, पण दावणीला देशी गाय असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सांगली-मिरजेच्या भागात, आपल्या कृष्णाकाठी, बैलाची एक जात तयार झाली होती. खिल्लार नव्हे. खिल्लार माणदेशची. ही जात काळ्या रानातली, नदीकाठची. सरकारी कागदात तिचं नाव इंग्रजीतच राहिलं, कृष्णा व्हॅली. आमचे आजोबा नुसतं 'काठावरचे बैल' म्हणायचे. आज सांगली जिल्ह्यात शंभर शेतकऱ्यांना विचारा, नव्वद जण म्हणतील, असली जात कधी ऐकली नाही. आणि ही जात काही हजार वर्षं जुनी नाही बरं का. आपल्या पणज्याच्या काळात जन्मली आणि आपल्या डोळ्यांदेखत गेली.

ती झाली कशी ते आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी आपल्याकडं पटवर्धनांची संस्थानं होती. सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड. शेजारी कोल्हापूर. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांच्या खोऱ्यातली जमीन म्हणजे काळी, चिकट. पावसाळ्यात पाय टाकला तर चप्पल आत राहते, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की हात घातला तर कोपरापर्यंत जातो. असल्या रानात लाकडी नांगराला चार-चार, सहा-सहा बैलं जुंपावी लागायची. हलकं जनावर तिथं टिकत नाही. म्हणून या संस्थानिकांनी बाहेरून वळू आणले. काठेवाडातला गीर, आंध्राकडचा ओंगोल, गुजरातेतला कांक्रेज. आणि इथली जी जनावरं होती, ज्यांच्यात म्हैसूरकडचं रक्त होतं, त्यांच्याशी संकर केला. त्यातून पुढं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत एक मोठं, भारदस्त, पांढरं-करडं जनावर उभं राहिलं. अंगानं आखूड पण खोल, कपाळ जरा फुगीर, शिंगं बारकी नि वळलेली, गळ्याची पोळी लोंबती, शेपूट जवळजवळ जमिनीला टेकणारी. चालायला सावकाश. पण रेटायला लागला की हटायचा नाही. गाय वेताला साधारण नऊशे लिटर दूध द्यायची. म्हणजे खिल्लारीपेक्षा चांगलीच दुधाळ.

आज 'संकर' म्हटलं की काही जण अंगावर येतात. पण कृष्णाकाठची ही देशी जात चार ठिकाणच्या रक्ताच्या संकरातूनच झालीय. संकर वाईट की चांगला हा वाद मला फुका वाटतो. कशासाठी केला, आणि केल्यावर पुढं सांभाळला का, एवढंच बघायचं.

आता गंमत बघा. अमेरिकेत टेक्सास वगैरे उष्ण भागात गोऱ्या लोकांची जनावरं उन्हानं आणि गोचिडांनी मरायची. म्हणून १८५४ ते १९२६ या काळात त्यांनी आपल्याकडची वशिंडवाली जनावरं नेली. सगळी मिळून २६६ वळू आणि फक्त २२ गाई. त्यातून त्यांनी 'ब्राह्मन' नावाची मांसाची जात केली आणि १९२४ साली तिची संघटनाही काढली. त्या ब्राह्मनच्या मुळात ज्या भारतीय जाती मोजतात, त्यात गुजरात म्हणजे कांक्रेज, नेल्लोर म्हणजे ओंगोल, गीर, आणि चौथी आपली कृष्णा व्हॅली. सांगलीच्या पोरांना माहीत नसलेलं नाव टेक्सासच्या जनावरवाल्यांच्या पुस्तकात छापलेलं आहे.

पण म्हणून ती तिकडं शिल्लक आहे असं समजू नका. तिथं ती मिसळून गेली. काकवी झाल्यावर त्यातून उसाचा रस परत काढता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं १९५३ साली भारत-पाकिस्तानातल्या वशिंडवाल्या गोवंशावर एक मोठं पुस्तक काढलं, जोशी आणि फिलिप्स यांचं. त्यात कृष्णा व्हॅली आहे आणि खिल्लारही आहे. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी दोन्ही जाती शेजारी-शेजारी, एकाच पुस्तकात, एकाच दोन-तीन जिल्ह्यांत नांदत होत्या. आज कृष्णा व्हॅली आपल्या बाजूला जवळपास दिसत नाही. जी काही मोजकी आहेत ती कर्नाटकात बागलकोट, बेळगाव, विजापूरकडं. आणि खिल्लार? कुठल्याही मैदानावर जा, हजारांनी माणसं तिच्यासाठी उभी असतात. एक गेली आणि एक राहिली, असं का झालं? माझं गाव येरळेच्या काठी. नदीच्या वरच्या अंगाला खटाव, खालच्या अंगाला कृष्णा. दोन्हीकडची माणसं आणि दोन्हीकडची बैलं बघत मोठा झालो. त्यामुळं या प्रश्नावर माझं स्वतःचं एक मत झालंय.

खिल्लार कशी टिकली ते आधी बघू.

खिल्लार शब्दाचा अर्थच मुळी कळप. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तिकडं सांगोला, मंगळवेढा. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. शेतीचा भरवसा नाही, पण कुरणं होती आणि कळप हाकणारा धनगर समाज होता. अभ्यासक खिल्लारचं नातं म्हैसूरकडच्या हल्लीकर-अमृतमहल जनावरांशी लावतात. शिंगांची ठेवण बघितली तर पटतं. त्यात पुन्हा प्रकार पडले. म्हसवड खिल्लार, आटपाडी महाल खिल्लार, खानदेशाकडची तापी खिल्लार, नकली खिल्लार. खिल्लारीचं वासरू जन्मतं तेव्हा त्याचा माथा तांबूस असतो, दोन-तीन महिन्यांत तो रंग जातो. नवीन माणूस बघून म्हणतो यात भेसळ आहे. भेसळ नाही, ती खूण आहे.

आटपाडी महाल हे नाव औंध संस्थानामुळं. आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडं होती. याच औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर तिथं तयार व्हायचा आणि तो ओढणारा खोंड त्याच संस्थानात आटपाडीला. याचा विचार मी बऱ्याचदा करतो. ट्रॅक्टर येईपर्यंत आपल्या भागाचं इंजिन माणदेशात जन्माला यायचं.

कारण व्यवहार असा होता: माणदेशात गाय सांभाळायची, तिचं दूध फारसं काढायचं नाही, ते खोंडाला पाजायचं. हौशी माणूस तर एका खोंडाला दोन-दोन गाईंचं दूध पाजायचा. खोंड वर्ष-दीड वर्षाचा झाला की जत्रेत न्यायचा. खरसुंडीची सिद्धनाथाची पौषी यात्रा, म्हसवडची जत्रा, आटपाडीची कार्तिकी, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, सांगोल्याचा रविवारचा बाजार. तिथं कृष्णाकाठचा शेतकरी यायचा, कडबा-पेंड मुबलक असलेला. तो खोंड घ्यायचा, शिकवायचा, जुंपायचा. नांगर, मोट, बैलगाडी सगळ्याला तोच.

या व्यवहारात एक गोष्ट फार मोलाची घडत होती आणि ती कुणी ठरवून केलेली नव्हती. खोंड विकला जायचा, गाय विकली जात नव्हती. गाय माणदेशातच, त्याच कुरणात, त्याच माणसाच्या हातात, आजी-आई-लेक अशी सलग राहायची. जात बैलावर टिकत नाही मंडळी, गाईवर टिकते. आणि जत्रा म्हणजे नुसता बाजार नव्हता. तिथं शेकडो माणसं खोंडाचं शिंग, खूर, कातडं, पाठ, मुतान, चाल बघायची आणि मग बोली लावायची. ज्याच्या गाईचे खोंड दरवर्षी चांगले निघायचे, त्याच्या गाईचं नाव चार गावांत व्हायचं. आजच्या भाषेत ती निवड पद्धतच होती, फक्त पगारी अधिकारी नव्हता.

गावात देवाला सोडलेला वळू असायचा. तो कुणाच्याही रानात शिरला तरी लोक त्याला हाणत नसत. गावोगावचा वळू वेगळा, म्हणून गावोगावचं रक्त वेगळं. १९३३ साली मुंबई इलाख्यात पशुधन सुधारणेचा कायदा आला, त्यात निकृष्ट ठरवलेले वळू खच्ची करायची तरतूद झाली. पुढं लॉर्ड लिनलिथगो व्हाइसरॉय असताना चांगले वळू गावांना देण्याची मोहीम देशभर निघाली. हेतू चांगलाच होता. पण निकृष्ट कोणता हे ठरवणारा माणूस साहेब होता, त्या गाईचा मालक नव्हता.

आता कृष्णाकाठच्या जातीकडं परत येऊ. तिच्यामागं काय होतं? संस्थानिकांचा खर्च, संस्थानिकांचे वळू आणि मोठ्या जमीनदारांची मोठी रानं. ८ मार्च १९४८ ला दख्खनमधली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. सांगली, मिरज, जमखंडी, औंध, सगळीच. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. विलीनीकरण व्हायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण संस्थानं गेली तशी त्यांनी धरलेली वळूंची व्यवस्थाही गेली, आणि तिची जागा घेणारं गावात कुणी नव्हतं. माणदेशात धनगर होता, कृष्णाकाठी तसा जनावरावरच जगणारा समाज नव्हता. शेतकरी बैल वापरायचा, पैदास करायचा नाही.

त्यात कूळकायदा आला, रानं वाटली गेली, दोन-तीन एकरवाला शेतकरी मालक झाला. त्याला एवढा दांडगा, खायला दुप्पट लागणारा बैल परवडेना. त्याला खिल्लारची हलकी, चपळ जोडी बरी, नांगरालाही चालते नि रस्त्यालाही चालते. मग मोटेच्या जागी ऑइल इंजिन, नंतर विजेची मोटर. साखर कारखाने झाले, ऊस आला, ट्रॅक्टर आला. चिकट काळं रान फोडणं या एकाच कामासाठी जी जात घडवली होती, तिचं तेच काम ट्रॅक्टरनं काढून घेतलं. ती जाहीरपणे कुणी संपवली नाही. तिच्या गाईंना एकेक करत जर्सी नाहीतर होल्स्टीनची कांडी भरली गेली आणि दोन पिढ्यांत ती विरघळली.

कांडीला मी शिव्या देणार नाही. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला 'बायफ' काढली, गोठवलेल्या रेताचं काम खेड्यापर्यंत नेलं, आणि त्यातून दूध झालं. माझ्या दावणीलाही दोन संकरित गाई आहेत. त्यांच्या दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर पोरांची शिक्षणं झाली. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं खिल्लारीच्या दुधावर घर चालवून दाखवावं. प्रश्न कांडीचा नाही. भरवताना ज्या गाईचा वंश तोडतोय ती कोण आहे, याची नोंद कुणी केली नाही, हा प्रश्न आहे.

अशी चूक सरकारांनीही केलीय आणि फेडलीय. म्हैसूरचं अमृतमहल घ्या. चिक्क देवराज वोडेयारांच्या काळापासून राजाचे कळप होते. टिपूनं त्यांना अमृतमहल नाव दिलं, तोफा आणि सामान ओढायला वापरलं. १७९९ ला टिपू पडला आणि कळप इंग्रजांकडं गेले. १८६० साली खर्च वाचवायचा म्हणून इंग्रजांनी ते खातंच मोडलं, जनावरं विकून टाकली. पाच-सहा वर्षांत लष्कराला ओढकामाला बैल मिळेनात, तेव्हा पुन्हा धावाधाव करून उरलीसुरली जनावरं गोळा केली आणि खातं परत सुरू केलं. त्यांना जमलं, कारण पाच-सहाच वर्षं झाली होती आणि गाई अजून जिवंत होत्या.

खिल्लारवरही तसा काळ आला. ट्रॅक्टरनं तिचंही काम गेलंच होतं. देशाची पशुगणना बघा: २०१२ साली गोवंशातले नर ६ कोटी ७९ लाख होते, २०१९ ला ४ कोटी ७४ लाख राहिले. सात वर्षांत तीस टक्के कमी. नांगर सुटला तसा बैल सुटला. २०१५ ला राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यानंतर म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. त्याचा परिणाम असा झाला की खोंड झाला की माणूस कपाळाला हात लावायला लागला. कायद्याबद्दल ज्याचं त्याचं मत असू द्या, मी बाजारात काय दिसतं ते लिहितो.

या सगळ्यात खिल्लारला धरून ठेवलं ते शर्यतीनं. म्हणून ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेनं बैलाचं नाव प्रदर्शन नि खेळासाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेलं आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती पक्क्या बंद केल्या, तेव्हा माणदेशातल्या गाईवाल्याच्या पोटावर पाय आला. त्यातच २०१२-१३ चा दुष्काळ. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं छावणी काढली, गावोगाव छावण्या निघाल्या, तिथं माणसं जनावरांसोबत महिनोन्‌महिने राहिली. ज्याच्या गाईच्या खोंडाला पूर्वी रांग लागायची, तो पुसेगावच्या बाजारातून खोंड परत घेऊन येताना मी पाहिलाय. अशा वेळी माणूस गायच काढतो. मुक्या जनावराला होणारा त्रास, बॅटरी लावणं, चाबूक, खिळे, हेही खरंच होतं. त्याला आळा बसायलाच पाहिजे होता. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. त्यानंतर बाजार पुन्हा फिरला. आज चांगला आदत खोंड लाखांत जातो.

म्हणजे खिल्लार वाचली का? इथंच माझी काळजी सुरू होते, आणि हे सगळं लिहायचं कारणही तेच.

पूर्वी जत्रेतला गिऱ्हाईक नांगराला, मोटेला, गाडीला चालणारा खोंड बघायचा. आता मैदानावर एकच गोष्ट बघतात, काही सेकंदांत किती पळतो. एका कामासाठी घडवलेल्या जातीचं काय होतं ते कृष्णाकाठी आपण बघितलंय. दुसरं म्हणजे, फायनल मारलेल्या एखाद्या बैलाचं नाव झालं की अख्खा तालुका त्याच्याच मागं. पिकअपमध्ये गाई घालून साठ-सत्तर किलोमीटरवरून आणतात. जो वळू आला नाही त्याची कांडी मागवतात. गावचा वळू कधीच गेला. म्हणजे गाई हजार असल्या तरी बाप दोन-चारच.

याचा हिशेब शास्त्रज्ञ एका सूत्रानं करतात, दहावी झालेल्यालाही जमतो. वळूंची संख्या आणि गाईंची संख्या यांचा गुणाकार करा, त्याला चारनं गुणा, आणि दोन्हींच्या बेरजेनं भागा. जे येईल ती कळपाची खरी ताकद. हजार गाई आणि दहा वळू असतील तर उत्तर येतं चाळीसच्या आत. म्हणजे दिसायला हजार, रक्ताच्या हिशेबानं चाळीस. उलट दोनशेच गाई असतील पण वळू वीस असतील, तर उत्तर येतं त्र्याहत्तरच्या जवळ. गाई पाचपट कमी, तरी ताकद जवळपास दुप्पट. आणि हजार गाईंना एकच वळू असेल तर उत्तर चार. किमान पन्नास तरी पाहिजेत असं जाणकार धरतात. त्याखाली गेलं की दर पिढीला जवळच्या रक्ताचा दोष एक टक्क्याहून जास्त वेगानं वाढतो. मग गाभण न राहणं, गर्भ पडणं, अशक्त वासरं हे सुरू होतं आणि आपण औषधं देत बसतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत १९६२ साली होल्स्टीनचा एक वळू जन्मला, 'चीफ' म्हणून प्रसिद्ध. त्याच्या सोळा हजार लेकी झाल्या. दुधाला उत्तम म्हणून जगभर त्याचं रेत गेलं. पन्नासएक वर्षांनी कळलं की त्याच्या रक्तात एक दोष होता. तो आई आणि बाप दोन्हीकडून आला तर वासरू पोटातच मरतं. त्या एका वळूमुळं जगात अंदाजे पाच लाख गर्भ पडले असा हिशेब शास्त्रज्ञांनी काढला. त्यांच्याकडं निदान नोंदी होत्या म्हणून दोष सापडला. आपल्याकडं हिंदकेसरी मैदान मारलेल्या बैलाचा बाप कोण हे सांगतात, आईचं नाव विचारलं की गप्प.

माझ्याकडं दोन खिल्लार गाई आहेत. थोरलीची आई माझ्या वडिलांनी खरसुंडीहून आणलेल्या गाईची लेक. धाकटी कालवड या सालात पहिल्यांदा माजावर आलीय. भागात चार ठिकाणी चौकशी केली. चारही वळू कागदावर वेगळे, मालक वेगळे, पण खणून विचारलं तर तीन एकाच बैलाचे निघाले, आणि तो बैल माझ्या थोरलीच्या सावत्र भावाचा. मागं एकदा थोरलीला एका ठिकाणाहून खिल्लारची म्हणून कांडी भरवली होती. पाडी झाली ती लांब लोंबत्या कानांची नि फुगीर कपाळाची. म्हणजे गीर. ए-टू दुधाच्या लाटेत गीर सगळीकडं घुसलीय, माणदेशातसुद्धा. गीर वाईट नाही, काठेवाडात ती राणी आहे. पण खिल्लारीच्या नावावर गीर भरली तर कृष्णाकाठी झालं तेच पुन्हा होणार.

कुणी म्हणेल, कर्नालला राष्ट्रीय संस्था आहे पशुआनुवंशिकीची, १९८४ पासूनची. तिथं देशातल्या जातींची नोंद आणि रेताचा साठा आहे, मग काळजी कशाला? साठा पाहिजेच, त्याबद्दल शंका नाही. उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये कांडी कित्येक वर्षं टिकते. पण कांडी म्हणजे फक्त बाप. उद्या शुद्ध गाई संपल्या आणि आपण दुसऱ्या गाईला खिल्लारची कांडी भरली, तर पहिल्या पिढीत निम्मी खिल्लार, दुसरीत पाऊण, तिसरीत साडेसत्याऐंशी टक्के, पाचव्या पिढीत कुठं सत्त्याण्णवच्या जवळ. खिल्लार कालवड व्यायला चार वर्षं धरा. पाच पिढ्या म्हणजे वीस वर्षं. तेवढं करूनही जो वारसा फक्त आईच्या बीजातून उतरतो, तो परत येतच नाही. गोठ्यात उभी असलेली गाय ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं ही वीस वर्षं आहेत.

म्हणून मी मागच्या बेंदरापासून एक वही घातलीय. शंभर पानी, लांबडी. एका पानावर एक गाय. जन्मतारीख, माथ्याचा तांबूसपणा कधी गेला, शिंगाचा नि नाकाचा रंग, आई, आईची आई, बाप, बापाची आई. कुठून आणली. किती वेतं झाली, दोन वेतांत किती अंतर, किती गर्भ पडले. आतापर्यंत आमच्या आणि शेजारच्या पाच गावांतल्या एकतीस गाई झाल्या. एकतीसपैकी आजीपर्यंत नाव सांगता आलं ते अकरा गाईंचं. ज्यांनी सांगितलं त्यांत बहुतेक म्हाताऱ्या बाया होत्या. गड्यांना बैलांची नावं पाठ, बायांना गाईंची.

कालवडीला मी अखेर माण तालुक्यातल्या एका धनगर घरच्या वळूकडं नेली. तो कधी मैदानात उतरला नाही. पायानं साधा आहे, पण त्याची आई अकरा वेतं झालेली आणि अजून उभी आहे. लोक हसले. खोंड झाला तर लाख येणार नाहीत हे मलाही माहीत आहे.

आता दोन मागणी आहेत तुमच्याकडं. एक, जत, अथणी, जमखंडीच्या बाजूला ज्यांचे पाहुणे-रावळे आहेत त्यांनी बघावं. मी वर वर्णन केलंय तसं मोठं, आखूड अंगाचं, बारक्या वळलेल्या शिंगांचं, जमिनीला टेकणाऱ्या शेपटीचं पांढरं-करडं जनावर कुठं दिसलं, विशेषतः गाय, तर बाजूनं आणि समोरून फोटो काढा आणि तिच्या मालकाला आधी सांगा की ही विकू नको, कांडीही घाईनं भरू नको. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरी, खिल्लार गाय ज्यांच्याकडं आहे त्यांनी आजच्या आज घरातल्या म्हातारीला विचारून गाईच्या आजीचं नाव लिहून ठेवा. खरसुंडीच्या पौषी यात्रेत मी देवळाच्या मागच्या अंगाला, कडब्याच्या गंजींजवळ वही घेऊन बसलेला असेन. गाईचा फोटो आणि ते नाव घेऊन या. चहा माझ्याकडून.